नेलकटर

मंगळवारी अकराच्या सुमारास
मी एमवायच्या चौथ्या मजल्यावर जाते.
पिशवीत नेलकटर, डेटॉलची लहान बाटली,
एक विरलेला नॅपकिन. एवढंच.

मोठ्यानं प्रार्थना मला जमत नाही.
सभेत उभी राहिले की शब्द पळतात,
लाइट लावल्यावर झुरळं पळावीत तसे.
म्हणून नखं.

दवाखान्यात माणसाचं सगळं तपासतात,
रक्त, लघवी, छातीचा फोटो.
नखांकडे कुणी बघत नाही.
ती वाढत राहतात,
ज्याला पेजसुद्धा जात नाही, त्याचीही.

कुक्षीकडच्या एका म्हाताऱ्याचे अंगठे
शिंगांसारखे वळले होते.
दोन्ही पाय झाले तेव्हा म्हणाला,
"अम्मा, कित्ते पइसे?"
म्हटलं, "किसी ने भर दिए, बाबा."
"कौन ने?"
मी मान खाली घालून
त्याच्या हाताच्या करंगळीकडे वळले.

सायलस गेले
मिलचे पैसे येतील, येतील म्हणत.
आता मी सिलेंडर हलवून बघते, किती उरलाय.
विश्वासही तसाच हलवून बघते,
आत काही वाजतंय का.
रोज शंका घेते,
आणि रोज पोळ्या होतात.
हे मी कुणाला साक्ष म्हणून सांगितलेलं नाही.
चार पोळ्यांची कसली साक्ष!

नोव्हेंबरात माझा हात चुकला.
खाट नंबर एकोणीस,
ट्रकखाली आलेला कोवळा पोरगा.
बोटावर रक्ताचा थेंब फुगला.
त्यानं ते तोंडात घातलं, आणि
उलट मलाच म्हणाला, "कुछ नी हुआ, अम्मा."

तीन मंगळवार मी घरीच बसले.
पाळकसाहेबांना सांगितलं, मोतीबिंदू.
देवाला सांगितलं, आता दुसरं कुणी बघ.
तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.
त्याची सवयच आहे ती.

चौथ्या मंगळवारी दारात फुलकुंवर.
वॉर्डातली फरशी पुसते ती.
पत्ता विचारत विचारत आली होती
मालवा मिलच्या मागच्या गल्लीत,
चपला हातात घेऊन, कारण एकीचा पट्टा तुटला होता.
"उन्नीस नंबर पूछ रिया था," म्हणाली,
आणि तिची नजर माझ्या पायांवर गेली.

मला वाकता येत नाही, दिसत नाही.
माझी नखं कशी असतील ते ओळखा.

ती खाली बसली. मी पाय साडीत ओढून घेतले.
हिनं? आणि माझे?
त्या रात्री माडीवरही, जेवणाच्या वेळी,
कमरेला रुमाल बांधून तो पुढ्यात बसला तेव्हा
एकानं असेच पाय मागे घेतले होते.
त्याला काय उत्तर मिळालं ते मला पाठ आहे.
रविवारच्या शाळेत त्याबद्दल
मला निळी पेन्सिल मिळाली होती.

फुलकुंवरला ते उत्तर ठाऊक नव्हतं.
ती एवढंच म्हणाली, "हिलो मत."

खट. खट.
कालच्या पेपरवर नखं पडत राहिली.
तिच्या हाताला फिनाइलचा वास होता,
आणि तो हात गरम होता.
साठ वर्षं जे मी लोकांना देत फिरले
ते असं लागतं होय अंगाला,
मला माहीतच नव्हतं.
मी रडले. ती म्हणाली, "लगी क्या?"

आता आम्ही दोनला जातो,
तिची ड्यूटी सुटल्यावर.
ती कापते. मी एकेक बोट धरून ठेवते,
डेटॉल लावते.
एकोणीस नंबर कुबड्या घेऊन घरी गेला.
त्या खाटेवर आता दुसरं कुणी आहे,
कण्हत असतो, हात मात्र पुढे करतो.

कुणी विचारलं "कित्ते?", तर ते माझ्याकडे.
"भर दिए किसी ने."
"कौन ने?"
अजूनही मला धड सांगता येत नाही.
मी बोट जरा घट्ट धरते.