नव्वद किलो

खाण बंद पडली तेव्हा भंगाराच्या ढिगात
ती आडवी पडली होती,
टाकीत पालीची अंडी,
सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारणीनं बांधलेलं मातीचं घर.

मी काटाघरात बसायचे. एकवीस वर्षं
टिप्पर तोलले. भरलेला वजा रिकामा,
उरेल ते लोखंड.
तिला एकटीला काट्यावर उभं करायला लावलं.
काटा दहाच्या पटीतच बोलतो. म्हणाला, नव्वद.
किलोला सव्वीस रुपये.
पावती मी माझ्याच नावानं फाडली.

'स्पेनची आहे,' इनास म्हणाला,
डिचोलीच्या बाजारामागे चपला घालून वेल्डिंग करणारा इनास.
'दगडांवरून न्यायची. घाई नाही, घड्याळ नाही.
पाय टेकला की एक गुण चढतो.
ज्याचे शून्य, तो जिंकला.'
एकावन्नाव्या वर्षी
शून्य मिळवायची अशी संधी
कोण सोडणार?

टाकीत सोलांचं पाणी आणि मूठभर खडी घालून
आम्ही ती दोन्हीकडून धरून घुसळली, तीन रविवार.
पाणी लाल आलं.
ओळखीचा लाल. माझ्या साड्यांच्या काठांतून
तो अजून गेलेला नाही.

कार्बोरेटरच्या बारीक भोकातून
इनासनं मेंडोलिनची तार ओवली,
पुसली,
आणि परत मेंडोलिनला लावली.
पॉइंटची फट मोजायला भाचीची लग्नपत्रिका,
नेमकी तेवढीच जाड.
तेल मोजायला फेणीचा पेला, पंचविसाला एक.
त्या पेल्यातून पुढं कुणी प्यायलं नाही,
असं इनास सांगतो.

एक बोल्ट मी आवळत गेले, आवळत गेले,
आणि तो मऊ झाला. आटे गेले.
घट्ट म्हणजे चांगलं
असंच धरून चालले होते मी आजवर.
किकनं उलटा झटका दिला त्या दिवशी
नडगीवर जांभळं उमटलं, पंधरा दिवस
पोस्टात, बँकेत, देवळात
मी ते कुणाला दाखवलं नाही
आणि झाकलंही नाही.

आता फेब्रुवारी. व्हाळ कोरडा.
काजूच्या मोहोराचा वास, त्यात आमचा निळा धूर.
टायरात हवा चारच पौंड,
दाबलं तर पिकल्या रसाळ फणसासारखं आत जातं.
बसायला सीट नावापुरती.
उभं राहायचं, गुडघे सैल,
डावा पाय जड, मग उजवा,
मीच टिप्पर आणि मीच काटा.

गवळीवाड्यावरची भागी म्हशी सोडून
उंच दगडावर बसते
आणि माझे गुण बोटांवर मोजते. दया नाही.
दोन्ही हात संपले की एक चप्पल काढते.

'फातर पळोव नाका,' इनास ओरडतो,
'फातराच्या पलतडी पळय!'
जिकडे बघाल तिकडे गाडी जाते म्हणे.
मी दगडाकडेच बघते.
गाडी आज्ञाधारक आहे.

काल मधल्या कातळावर चढताना
इंजिन गेलं.
आवाज नाही. व्हाळात फक्त
एक कवडा आणि भागीचं मोजणं थांबलेलं.
दोन्ही पाय वर होते.
डावीकडे नाही, उजवीकडे नाही,
क्लच दोन बोटांत,
आणि सगळ्या वजनाचं काय झालं
ते मला अजून सांगता येत नाही.
एक, दोन, कदाचित तीन.

मग टेकला पाय. ओल्या शेवाळावर नाही, कोरड्या जांभ्यावर,
चांगला खरखरीत.
'एक,' भागी म्हणाली.

प्लग काढला तर तेलानं चिंब.
खिशात दुसरा नव्हता. घासायला कानस नव्हती.
नव्वद किलो ढकलत
आम्ही तिघं चढ चढलो,
भागी पुढे, म्हशी तिच्या पुढे,
आणि इनास मागून म्हणत होता,
'ब्याण्णव, बाय. पेट्रोल धरून ब्याण्णव.'