शेरा

पट सदतीस, हजर चौतीस.
तांदूळ तीन किलो चारशे.
भाजी मुळा, एक किलो सातशे.
पुरवठादार : सत्यवती जुवेकर, खालची वाडी.

या रकान्यात पूर्वी
वर्षानुवर्षं एकच शिक्का असायचा.
पोतं तालुक्याहून यायचं,
त्यातला वाटाणा रात्रभर भिजवला
तरी सकाळी पातेल्यात गोट्यांसारखा वाजायचा.
चौथीला विचारलं, वाटाणा येतो कुठून?
"पोत्यातसून, गुरुजी."
चूक कशी म्हणणार. गुण दिले.

मग दोन वर्षं कागद पुढे सरकवून
खाडीकाठच्या सात मळ्यांशी शाळेचं जमलं.
इब्राहिम मुल्लांची वाली,
जुवेकरणीचा माठ, मुळा,
आणि धुरींचा तो लाल भोपळा,
ताणकाट्याला लटकवायला दोघे,
आकडा वाचायला तिसरा,
आणि वर्गभर भांडण, की देठाचं वजन धरायचं का.

घरी मुळ्याच्या वासानं नाक मुरडणारा
जुवेकरांचा सिद्धार्थ
इथे ताट उंच धरून फिरायचा :
"ह्यो आमचो मुळो!"
शेवंतीबाई पळीनं त्याला खाली बसवायच्या.

माघातल्या उधाणाला
उघाडीची फळी निघाली, बांध फुटला.
दोन भरत्या खारं पाणी मळ्यांत उभं राहिलं.
सकाळी सत्यवती आली, रिकामी टोपली घेऊनच.
"आज काय्येक नाय," म्हणाली,
आणि परत न जाता
चुलीपाशी बसून तांदूळ निवडू लागली.

त्या दिवशी नुसती आमटी-भात.
दुसरीतली मिसबाह हळूच म्हणाली,
"आमटी खारट लागता."
शेवंतीबाईंनी चाखली. मी चाखली.
मीठ रोजचंच होतं.

पोत्याला कधी उधाण लागलं नव्हतं.
गावात काही झालं
तरी वाटाणा तसाच वाजायचा.

नमुना विचारतो : भाजी न दिल्याचे कारण.
मी लिहिलं, बांध फुटला.
रकाना अरुंद,
'ला' बाहेर पडला, उद्याच्या तारखेत.

जेवणानंतर सिद्धार्थनं विचारलं,
"बांधाक किती माती लागतली?"
घमेल्यात आठ किलो, मी फळ्यावर मांडलं,
खिंडार अंदाजे बारा हात.
पुढे मला येईना.
मुलं वह्या मिटून
चपला शोधत होती.