नीळ्ळु

नरसिंगनं हँडल फिरवलं तसं छप्पर कुरकुरत वर गेलं,
दोन्ही अंगांनी पलंग बाहेर सरकले, वर ताडपत्री,
आणि मोटारीमागं ओढत आणलेल्या पेटीची
खोली झाली. हिप्परग्याच्या तळ्याकाठी,
तुळजापूर रोडचे ट्रक ऐकू येतील एवढ्यावर.

खोलीत ताटाएवढं बेसिन.
बेसिनखालून नळी, नळीखाली पांढरा कॅन.
वीस लिटर.
पद्मजा म्हणाली, "नाना, हे खातं तुमचं."

म्हणजे काय, ते दुपारपर्यंत कळलं.
ताट आधी भाकरीच्या तुकड्यानं पुसायचं,
शेंगाचटणीचं तेल बेसिनात जाता कामा नये.
चहाचा चोथा अडवायला नळीच्या तोंडाशी टॉवेलची चिंधी
(टॉवेल साखर पेठेतला, बारा वर्षांचा, अजून दम आहे).
साबण नखाएवढा.
कॅन भरत आला की उचलून न्यायचा
तळ्यापासून दोनशे पावलं लांब,
रोज नव्या जागी.
रात्रभर ठेवायचा नाही, सकाळी असा वास सुटतो
की स्वतःच्याच घरातून उठून जावंसं वाटतं.

मी म्हटलं, एवढं तळं आहे की गं समोर.
ती काही बोलली नाही.
माझ्या हातांकडं बघितलं फक्त.

एकतीस वर्षं गड्डम शेठच्या डाइंगमध्ये होते हे हात.
सोमवारी लाल, बुधवारी मोरपंखी,
चादरीची ऑर्डर असेल तसं
भिंतीतल्या भोकातून गटारीत, गटारीतून नाल्यात,
नाल्यातून पुढं कुठं, ते कुणी विचारायचं नाही.
एकदा कुणाची तरी म्हैस
गुडघ्यापर्यंत हिरवी होऊन घरी गेली.
आठवडाभर हसत होतो आम्ही.

आणि घरी पाचव्या दिवशी नळ.
सत्यवती एकाच पाण्याला तीन कामं लावायची:
तांदूळ धुतलेलं भांड्यांना,
भांड्यांचं फरशीला,
फरशीचं डालड्याच्या डब्यातल्या कढीपत्त्याला.
तो कढीपत्ता गल्लीभर पुरायचा.
ती घागर वाकडी करून शेवटचा घोट काढत असायची
आणि मी तिकडं तासाला तीन हौद सोडत असायचो.
तिनं कधी हिशेब मांडला नाही.
मांडला असता तर बरं झालं असतं.

आमच्यात पाण्याला नीळ्ळु म्हणतात.
पहिलीत बाईंनी फळ्यावर 'नीळ' लिहिलं, विचारलं, कशासाठी?
मी हात वर केला. "प्यायला."
वर्ग फुटला हसून.
बाई म्हणाल्या, अरे, ती कपड्यांची, ती निळी असते.
पुढं नाल्याच्या पुलावरून सायकल नेताना
कितीदा तरी वाटलं,
बाईंना इथं आणून उभं करावं.

संध्याकाळी कॅन उचलला.
हँडलची तार बोटांत रुतते, पाणी आत डुचमळतं,
जसं काही जिवंत आहे आणि याला यायचं नाही.
ओकटी, रेंडू, मूडू...
मोजायचं म्हटलं की माझं डोकं तेलुगूत जातं.
एकशे साठावर गुडघा म्हणाला, बास की.
मागं वळून बघितलं, तळं तिथंच होतं,
काठावर चक्रवाकाची जोडी, केशरी.
तो रंग कुणी दिलेला नव्हता.

पुढं गेलो. बाभळीखाली खुरप्यानं वीतभर उकरलं, ओतलं.
राखाडी पाणी. चिमूटभर फेस.
भाताची दोन शितं, चिंधीतून निसटलेली.
काळ्या मातीनं आधी नको नको केलं,
मग भेग सापडली तिला, प्यायली.
जरा वेळ बसलो तिथं,
खड्ड्याचा रंग बदलतोय का बघत.
मातीचाच राहिला.

"नाना," गाडीतून हाक आली, "पावलं किती झाली?"
"दोनशे बारा."

खरं तर मोजणं मधेच सुटलं होतं.