बर्फ आणि मीठ

नेगोंबोच्या किनाऱ्यावर पहाटे चारला
मी बर्फाच्या लाद्या उतरवतो.
मासे मी मारत नाही. खातो.
आमच्या गल्लीत सगळे हेच सांगतात:
पाप जाळं टाकणाऱ्याचं,
आपण नुसता रस्सा वाढून घेतो.

ऑगस्टा हसते.
काथ्याच्या चटयांवर मासे पालथे घालताना
मिठानं चिरलेले तळवे फ्रॉकला पुसते, म्हणते,
"तुमच्या वाटचं पापही
आम्हीच राबून कमवायचं का रे, सुगतपाला?"

वेसाकच्या रात्री
आमच्या दारात कागदी कंदील हलत होते
तेव्हा तिचा धाकटा, लाझरस,
बोटीवरून परतला नाही.
बोट परतली.

माझी मावशी कंदिलातली वात सारत पुटपुटली,
इतके जीव घेतले, समुद्रानं एक मागितला.
मला ते वाक्य आवडलं नाही
पण डब्याला झाकण बसावं तसं ते बसलं,
आणि त्याचीच मला भीती वाटली.

लहानपणी विहारात भिक्खूंनी शिकवलं होतं,
विस्तवात हात घातला की भाजतं,
विस्तव रागावलेला नसतो.
करावं तसं भरावं.
मध्ये कुणी बसलेलं नाही,
ना खुर्ची, ना वही, ना वशिला.
या जन्मी नाही फिटलं तर पुढच्या,
घाई कुणालाच नाही.

ऑगस्टाला घाई आहे.
तिच्या देवळात वेदीच्या वरती
शेवटच्या दिवसाचं चित्र आहे, ओल येऊन फुगलेलं.
डावीकडे जाळात चाललेली माणसं,
त्यातल्या एकाला रंगाऱ्यानं
गावच्या सावकाराचं नाक दिलंय.
मधोमध तो. डोळे मोठे, हातांना भोकं.

"एकच जन्म," ती म्हणते, "आणि मग त्याच्यासमोर.
किती मासे मारले ते नाही विचारणार.
तहानलेल्याला पाणी दिलंस का, विचारेल.
माझ्याकडे उत्तर फारसं नाही.
त्याला दया आली तरच माझं निभेल.
पण मीसुद्धा विचारणार आहे.
त्या रात्री तू कुठे होतास?
नावानं हाक मारणार आहे ना मला,
मग ऐकूनही घे म्हणावं."
चाकू धुतला तिनं.
"तुझ्याकडे आहे का रे विचारायला कुणी?"

नाही.
रिकामी गाडी घेऊन परतताना
मी हे खूप वेळ चघळलं.
माझ्यावर कुणी रागावलेलं नाही
हा माझा मोठा आधार होता.
त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं,
कुणी रागावलेलंच नाही,
म्हणजे कुणाचा राग
शांतही करता येणार नाही.

सातव्या दिवशी घरी भिक्खू आले.
मावशीनं झारीतून कपात पाणी ओतलं,
कप भरला, ओसंडला, बशीत उतरला,
असंच पुण्य मेलेल्यांपर्यंत पोचावं म्हणून.
मी मनात लाझरसचं नाव घेतलं.
ज्याचं त्यानं भोगायचं, असं आम्हीच म्हणतो,
आणि आम्हीच बशी खाली धरतो.
तिकडे ऑगस्टानं मिस्सासाठी पैसे दिले.
त्या यादीत, नंतर कळलं,
माझ्या आईचंही नाव होतं.

आता एक सांगायचं राहिलं.
बर्फ वितळतो.
त्यामुळे बर्फाच्या धंद्यात काटा मारणं सोपं,
कमी भरलं तर ऊन जबाबदार.
अकरा वर्षं मी तिला
लादीमागे दीड-दोन किलो कमी दिलं.

वेसाकनंतर पूर्ण दिलं.
का, ते नाही सांगता येत. हात थांबला.
तीन आठवडे ती काही बोलली नाही.
मग एका पहाटे लादी ओढता ओढता म्हणाली,
"हल्ली जड आहे."
मी म्हणालो, बर्फ आहे, कमीजास्त होतं.
अंधारात कुणाला दिसतंय.

ती वाकलेलीच होती.
"मला दिसलं," म्हणाली,
"आधीचंही."
आणि बर्फावर भुसा पसरत राहिली.