फक्त बॉडी

ग्रिम्सबीत फ्रीमन स्ट्रीटवर, बंद पडलेल्या खाटकाला लागून
पिकर्सगिल यांचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान.
शनिवारी सकाळी मी आत शिरले,
पायात अजून रात्रपाळीचेच बूट.

"फक्त बॉडी हवी, की लेन्ससकट?"
मला हसू फुटलं.
आमच्या हॉस्पिटलात बॉडी म्हटलं की
पोर्टर आधी चादर शोधतो.
ते हसले नाहीत.
भाव पाडायची ही नवी तऱ्हा असावी, असं वाटलं बहुतेक त्यांना.

तीन महिने वहीत याद्या चालल्या होत्या.
मंगळवारी एक कंपनी पक्की, गुरुवारी दुसरी.
संगमनेरहून वैदेही म्हणाली,
अगं, हातातला फोन काय काढत नाही फोटो?
काढतो की.
न विचारता सगळ्यांना गोरं करून काढतो.

त्यांनी तीन कॅमेरे मांडले.
पहिला जड, वरवंट्यासारखा.
दुसरा इतका हलका, की हलवला तर खुळखुळेल.
तिसऱ्याचं रबर एका जागी गुळगुळीत झालेलं,
कुणाचा तरी अंगठा तिथे वर्षानुवर्षं राहून गेला होता.
"शटर चौदा हजार दोनशे वेळा उघडलंय.
एका शाळामास्तरांचा. पाणपक्षी टिपायचे.
मग गुडघे गेले."
गुडघे.
ते मीच काढले असतील कदाचित,
उभ्याने एकदा, आडवं झोपवून एकदा.
माझा अंगठा त्या गुळगुळीत जागेवर ठेवला.
बसला.

लेन्स मात्र पन्नासची, झूम नसलेली.
जवळून हवं असेल तर आपणच दोन पावलं चालायचं,
हे मला पटलं होतं.
खिडकीच्या उजेडासमोर धरली,
जुन्या काळी फिल्म धरायचो तशी.
काठाला, घड्याळात चार वाजतात त्या जागी,
केसाहून बारीक काहीतरी, त्याला फांदी फुटलेली.
"बुरशी आहे," मी म्हटलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, भिंग लावलं,
बराच वेळ नुसतं घड्याळ वाजत राहिलं.
"करता काय तुम्ही?"
"हाडं बघते. न दिसणारी भेग शोधायचा पगार मिळतो."
ती लेन्स त्यांनी शेजारणींपासून उचलून
वेगळ्या डब्यात ठेवली, एकटी.
आमच्याकडेही असंच करतात.

दुसरी निघाली स्वच्छ.
पैसे तेवढेच, एक पौंडही कमी नाही,
पण तपासणीची फी म्हणून दोन मेमरी कार्डं फुकट.
"एकच मोठं नका घेऊ," म्हणाले.
"हरवलं की अख्खी सुट्टी गेली."

कार्ड तळहातावर घेतलं.
पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडं मोठं, आणि रिकामं.
अठरा वर्षं मी रोज चित्रं काढतेय,
फासळ्या, मणके, पोरांनी गिळलेली नाणी,
नाव, नंबर, जन्मतारीख लावून
सगळी ज्याची त्याच्या फायलीत.
एकही घरी आलं नाही.
यायचंही नसतंच म्हणा.
तरी त्या रिकाम्या तुकड्याकडे पाहत
मी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

"करून बघा ना," ते म्हणाले
आणि स्वतःच काउंटरमागे ताठ झाले.
डोळा काचेला लावला. आत ते लहान, उजळ,
कॉलरचं एक बटण तुटलेलं.
बाहेर सीगल पक्षी कशावरून तरी भांडत होते.
आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं,
"मोठा श्वास घ्या. रोखा. हलू नका."

खट्.

पडद्यावर पाहिलं, कान अगदी स्पष्ट, नाक धुक्यात.
फोकस कुठे चुकला ते शोधायला
मी बटणं दाबत बसले. एक, दोन, मेन्यू, परत मागे.
बऱ्याच वेळाने समोरून
दबलेला, लालबुंद आवाज आला,
"सोडू का आता?"