डिकीचं तेवढं राहू द्या

अब्रेहेतबाईंची फियाट अकराशे
मेदेबेरच्या कमानीतून ढकलतच आत आली.
दोन शेजारी मागून, बाई खिडकीत हात घालून स्टिअरिंग वळवत.
मूळ रंग कुठला, यावर त्यांच्या गल्लीत अजून एकमत नाही.

ड्रायव्हरकडचं दार सात वर्षं जाम.
"मग बसता कशा?"
"त्या बाजूनं शिरते, सरकत येते.
बहात्तर झाली, झेरेझगी. आता सरकवत नाही."

अस्मारात माझ्याकडे सगळे शेवटी येतात.
आधी मेहुणा येतो, मग हातोडी, मग खिळा.
भोकाभोवतीचे ओरखडे पाहून मी सांगू शकतो
कोणाचा संयम कितव्या मिनिटाला सुटला.

कुलूप काढायचं तर स्क्रू दाराच्या कडेला,
कड चौकटीत दडलेली.
म्हणजे कुलूप काढायला दार उघडायला हवं
आणि दार उघडायला कुलूप काढायला हवं.
ही थट्टा तुरीनच्या कुणा इंजिनिअरनं
माझ्या जन्माआधी करून ठेवलेली.

बाप म्हणायचा, कुलपाशी भांडायचं नाही,
त्याला कंटाळा आणायचा.
रात्रभर रॉकेल. सकाळी पुन्हा रॉकेल.
मग आतून काच वर-खाली करायचा दांडा काढला,
पत्र्याआडचा पुठ्ठा वाकवून
कोपरापर्यंत हात घातला
आणि डोळे मिटले, कारण त्यांचा तिथे उपयोग नव्हता.
शेजारी मिरचीची गिरणी चालू, पलीकडे पिंपांच्या चुली ठोकल्या जात होत्या,
तरी सळई हलली ते मला ऐकू आलं.
बोटांनाच ऐकू आलं म्हणा.

दार उघडलं तेव्हा बाई दोन पावलं मागे सरल्या.

कुलपाचा गाभा हातावर घेतला, उपडा केला, ठोकला.
गंज, लाल माती, आणि किल्लीचं मोडकं टोक,
माझ्या करंगळीच्या नखाएवढं.
"हे कोणी मोडलं?"
"मी."
बऱ्याच वेळानं:
"सेनायची बस पहाटे पाचची होती.
चिठ्ठी वाचली आणि धावले.
घाईत उलटी फिरवली."

मी कानस शोधत राहिलो. ती समोरच होती.

कुलपात पाच पितळी पाकळ्या असतात,
प्रत्येकीच्या पाठीशी केसाएवढी स्प्रिंग.
बरोबर किल्ली आली की पाचही माना खाली घालतात,
चुकीची आली की एखादी तरी ताठ राहते.
आता इंजिनच्या किल्लीनं दारही उघडायला हवं होतं,
म्हणून पाकळ्या काढल्या, जागा बदलल्या,
दोन कानशीनं घासल्या,
एक स्प्रिंग उडून चहात पडली, ती चाखून शोधली.
तिसऱ्या खेपेला किल्ली अशी फिरली
जशी लोण्यातून सुरी.

"डिकीला जुनीच किल्ली लागते ना?" मी म्हटलं,
"तेही बदलून टाकतो, वेगळे पैसे नकोत."
"डिकीचं तेवढं राहू द्या."
"पण किल्ली तर मोडली."
"दुसरी त्याच्याकडे आहे."
"मग उघडता कशी?"
"उघडत नाही."
"आत काय आहे?"
"स्टेपनी," म्हणाल्या. "हवा गेली असेल."

पैसे मोजून दिले, शेवटची नोट सुरकुती काढून.
मग सात वर्षांत पहिल्यांदा
आपल्याच बाजूनं आत बसल्या,
दार ओढलं, उघडलं, पुन्हा ओढलं,
आणि इंजिन सुरू न करता
बराच वेळ पुढे बघत राहिल्या.

पाकळ्या काढताना त्यांचा जुना क्रम
मी सिगरेटच्या पाकिटावर लिहून ठेवला होता:
दोन, चार, एक, एक, तीन.
तेवढ्यावरून डिकीची किल्ली
मी दहा मिनिटांत कापली असती.
बाईंचा नवरा अठ्ठावीस वर्षं लोहार होता;
त्यांनाही ते ठाऊक असणारच.
त्यांनी विचारलं नाही.
पाकीट मी खिळ्यांच्या डब्यात ठेवलं आहे.