माया

उदगीरला, चौबाऱ्याच्या मागच्या बोळात
जलालोद्दीन टेलरचं दुकान :
एक मशीन, पारा उडालेला एक आरसा,
आणि खिळ्याला टोचलेली गावाची मापं
कागदाच्या कपट्यांवर.

सातवीत होतो. खाकी चड्डीचं माप द्यायला गेलो
तेव्हा भूगोलाच्या वहीला
रशियन मासिकाचं गुळगुळीत कव्हर होतं.
रद्दीत किलोनं मिळायचं; शाई त्यावर टिकत नसे.
काळ्या आभाळात पांढरा माणूस,
कमरेला दोर.
"ह्यो कोण लटकायलाय?" चाचांनी विचारलं.
यानाच्या बाहेर पडलेला पहिला माणूस, मी म्हणालो,
सन पासष्ट, बारा मिनिटं.
त्यांनी वही उजेडाला धरली.
माणसाकडं नाही, पृथ्वीकडं तर नाहीच,
खांद्याच्या शिवणीकडं बघत राहिले.
"फिटिंग चुकलंय. ओढ बसायली."
मला हसू आलं.
चड्डीला त्यांनी दोन बोटं माया ठेवली,
आत दुमडून, पुढच्या जूनसाठी.

दहा वर्षांनी औरंगाबादच्या वाचनालयात
मासिकानं न छापलेलं हाती लागलं :
बाहेर हवा नव्हती, म्हणून आतली फुगली.
पोशाख टम्म झाला,
बोटं हातमोज्यांतून मागं सरकली,
पाय बुटांत राहिनात.
ज्या दारातून निघाला त्या दारात मावेना.
कुणाला न विचारता त्यानं एक झडप उघडली
आणि जगायला नेलेली हवा
थोडी थोडी सोडून दिली,
घरात शिरता येईल एवढा लहान होईपर्यंत.

सुट्टीत आलो. मुलाखतीसाठी शर्ट-पॅन्ट शिवायची होती.
चाचांना हे सांगितलं.
टाचणी ओठांत धरून त्यांनी ऐकलं.
"उभ्या माणसाचं माप घेतलं असणार,
जमिनीवर. हवेचं कोण घेतंय!"
मग : "अन् पुढं?"

पुढं अमेरिकेचा एक, हातात गॅसची बंदूक.
आत ये म्हटलं तर येईना.
"आमचा धाकटा. मगरिबला हाक मारली की असाच."
मग आणखी एक. त्याला बाहेर काम दिलेलं.
कशाला हात लावला की अंगच उलटं फिरायचं.
छाती धडधडली, घामानं काच धुरकटली,
चाचपडत परत आला, काम तसंच टाकून.

मशीन थांबलं.
"पाय कुठं टेकले व्हते त्याचे?"
कुठंच नाही.
चाचांनी पायडलवरचा पाय उचलला,
चाक हातानं फिरवलं.
सुई दोनदा कशीबशी खाली गेली, धागा गुंतला.
"बघ. लोकाला वाटतं शिवण हातानं व्हती."

हे तिकडं कळायला पाच महिने लागले,
आणि पाण्याचा एक हौद, सरावाला.
मग यानाला बाहेरून रिकिबी बसवल्या.

मी हे सांगत होतो तोवर ते गुंता सोडवत होते,
दातांनी.

आरशापुढं उभं केलं मला.
टेप छातीभोवती आला, गार.
"तुझं वाढायचं ते वाढून झालं," म्हणाले,
"तरी बोटभर ठेवतो."
आणि मी ताठ झालेला बघून,
"श्वास धरू नको. सोड."

सोडला.
एकदम नाही.